कोणाला काय ठाऊक, आणि केव्हापासून?

शाहिराने डफावर थाप मारली आणि तानाजीचा पोवाडा सुरू केला, की समोर बसलेल्या प्रत्येकाला शेवट पाठ असतो. कोंढाणा सर होणार आणि तानाजी पडणार. १६७० सालची ही लढाई तुळशीदासाच्या पोवाड्यापासून शाळेच्या पुस्तकापर्यंत असंख्य वेळा सांगून झाली आहे. तरीही तानाजीच्या मुलाच्या, रायबाच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की पोटात कालवते आणि मावळे कडा चढू लागले की सभा चिडीचूप होते. शेवट माहीत असताना ही धाकधूक कशाची?

‘पुढे काय होणार हे ठाऊक नसते, म्हणून उत्कंठा वाटते,’ असे आपण सहज म्हणून जातो. ते पूर्ण खरे असते तर कोणतीही रहस्यकथा किंवा भयकथा दुसऱ्यांदा वाचवली नसती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या निकोलस क्रिस्टनफेल्ड आणि जोनाथन लेविट या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी १२ लघुकथा निवडल्या आणि काही वाचकांना कथेचा शेवट आधीच सांगून टाकला. या वाचकांना कथा कमी आवडतील असा सर्वसाधारण अंदाज होता. पण त्या सरासरीने जास्तच आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांतून उलट निष्कर्षही निघाले, त्यामुळे शेवट आधी कळलेला बरा असा नियम काही करता येत नाही. शेवट कळल्यावर उत्कंठा संपलीच पाहिजे असे नाही, एवढे मात्र यातून दिसते.

मग ती येते कुठून? अठराव्या ते विसाव्या शतकातल्या काही गाजलेल्या कथा आणि कथाकाव्ये उलगडून पाहिली, तर सगळ्यांच्या मुळाशी एकच कारागिरी दिसते. लेखक माहिती नुसती दडवून ठेवत नाही, तो ती वाटतो. कोणाला काय ठाऊक असावे आणि केव्हापासून, हे तो ठरवतो.

पत्ते कोणाला दिसतात?

पत्त्यांचा डाव रंगला आहे आणि तुम्ही नुसते बघायला उभे आहात, असे समजा. सगळ्यांचे पत्ते झाकलेले असतील, तर तुम्हाला फक्त कुतूहल वाटेल. पण तुम्ही एका खेळाडूच्या पाठीशी आहात आणि पलीकडच्याच्या हातात हुकमाचा एक्का असल्याचे तुम्हाला दिसले आहे. तुमच्या पुढचा खेळाडू मात्र हुकमाचा राजा निर्धास्तपणे टाकायला निघाला आहे. तुम्हाला बोलता येत नाही. पत्ता टेबलावर पडेपर्यंतचे ते क्षण म्हणजे उत्कंठा.

कथेतही तीन जण असतात: लेखक, पात्र आणि वाचक. लेखकाला सगळे ठाऊक असते. उरलेल्या दोघांना तो काय आणि केव्हा दाखवतो, यावर वाचकाच्या मनाची अवस्था ठरते. पात्र आणि वाचक दोघेही बेसावध असताना घाव बसला, तर तो धक्का. काहीतरी दडवले आहे एवढे कळले, पण काय ते कळले नाही, तर ते कुतूहल. धोका वाचकाला दिसला, पात्राला दिसला नाही आणि परिणाम लांबणीवर पडला, तर ती उत्कंठा.

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ साली फ्रांस्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हा फरक एका प्रसंगातून समजावला होता. टेबलाशी बसून माणसे साध्या गप्पा मारत आहेत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षकांना मिळतो १५ सेकंदांचा धक्का. आता बॉम्ब ठेवताना प्रेक्षकांनी पाहिले आहे, तो एक वाजता फुटणार हे त्यांना माहीत आहे आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला आहे. गप्पा त्याच, तितक्याच साध्या. पण प्रेक्षक १५ मिनिटे खुर्चीच्या कडेवर बसलेले असतात.

पूर्वसूचन: बुद्धिबळाचा पट

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज या इंग्रज लेखकाची ‘द मंकीज पॉ’ म्हणजे ‘माकडाचा पंजा’ ही कथा १९०२ साली प्रसिद्ध झाली. पावसाळी, गारठलेली रात्र. आडबाजूच्या घरात शेकोटीजवळ बाप आणि मुलगा बुद्धिबळ खेळत आहेत, आई विणकाम करते आहे. चित्र अगदी निवांत आहे. पण पटावर बघा. म्हाताऱ्या व्हाइटने आपला राजा विनाकारण धोक्यात घातला आहे. घोडचूक झाल्याचे त्याला उशिरा कळते आणि ती मुलाच्या लक्षात येऊ नये म्हणून तो बाहेरच्या वाऱ्याचा विषय काढतो.

जादूच्या पंजाचा अजून उल्लेखही झालेला नाही. पण गरज नसताना धोका पत्करणारा आणि चूक हातून निसटल्यावर भानावर येणारा माणूस आपण पाहून ठेवला आहे. पुढे घडणाऱ्या गोष्टीची अशी आधीच, सहज वाटेल अशी पेरणी करणे याला पूर्वसूचन म्हणतात. पहिल्या वाचनात ते अंगाला लागत नाही. दुसऱ्या वाचनात त्याच ओळी बोचू लागतात, कारण आता पलीकडचे पत्ते आपल्याला दिसलेले असतात.

मग २१ वर्षे हिंदुस्थानात काढून आलेला सार्जंट-मेजर मॉरिस तो वाळका पंजा घेऊन येतो. एका फकिराने त्यात तीन माणसांच्या प्रत्येकी तीन इच्छा पुऱ्या करण्याची शक्ती घातली आहे, असे तो सांगतो. पहिल्या माणसाने तिसरी इच्छा मागितली ती मरणाची, हेही सांगतो. म्हणजे बॉम्ब टेबलाखाली ठेवून झाला. इथे भारतीय वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ असो की कॉनन डॉयलची ‘द साइन ऑफ फोर’, त्या काळच्या इंग्रजी कथांमध्ये शापित किंवा रक्ताने माखलेली वस्तू वरचेवर हिंदुस्थानातून येते. इंग्रज वाचकाला हा देश दूरचा आणि गूढ वाटे. त्या अंतराचा आणि त्यामागच्या साम्राज्यवादी कल्पनांचा लेखकांनी पुरेपूर उपयोग केला. स्थळकाळाचा परिणाम असा वाचकाच्या अज्ञानावरही उभा असतो.

व्हाइट २०० पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी मुलाच्या कारखान्यातून माणूस येतो: मुलगा यंत्रात सापडून गेला, कंपनी नुकसानभरपाई देते आहे, २०० पौंड.

पण कथेचा खरा कस पुढे लागतो. मुलाला पुरल्यावर एका रात्री आई नवऱ्याला म्हणते, त्याला परत माग. तेव्हा बाप आजवर मनात ठेवलेली गोष्ट सांगतो: मुलाला जाऊन दहा दिवस झाले आणि तेव्हाही त्याची ओळख पटली ती फक्त कपड्यांवरून. हे वाक्य दुसऱ्या इच्छेच्या अगदी आधी येते, हा योगायोग नाही. प्रेताची काय दशा झाली होती हे बापाने पाहिले आहे आणि आता ते आपल्यालाही कळले आहे. आईने ते कानांनी ऐकले, पण तिचे मन ते ऐकायला तयार नाही.

इच्छा मागून होते. काहीच घडत नाही. मेणबत्ती संपते, जिना करकरतो, भिंतीतून उंदीर पळतो. म्हातारा काडी पेटवून खाली उतरतो, जिन्याच्या पायथ्याशी काडी विझते आणि त्याच क्षणी दारावर हलकी थाप पडते. आई दाराची कडी काढायला झटते आहे, बाप अंधारात जमिनीवर चाचपडत पंजा शोधतो आहे. दाराबाहेर काय उभे आहे हे जेकब्ज कधीच दाखवत नाही. बापाची तिसरी इच्छाही शब्दांत सांगत नाही. दार उघडते तेव्हा रस्ता रिकामा असतो. ते भयानक रूप आपणच मनात तयार केलेले असते आणि त्याला लागणारा माल लेखकाने आधीच पुरवलेला असतो.

निवेदक: खुनी स्वतः बोलतो तेव्हा

गोष्ट कोण सांगतो, हा दुसरा मोठा प्रश्न. एडगर ॲलन पो यांच्या १८४३ सालच्या ‘द टेल-टेल हार्ट’मध्ये खुनीच निवेदक आहे. खून केल्याचे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. पैशाचा लोभ नव्हता, म्हाताऱ्यावर उलट माया होती. पण त्याचा एक डोळा फिकट निळा, पडदा आल्यासारखा होता आणि तो सहन होत नव्हता, एवढेच कारण. आपण वेडे नाही हे पटवून देणे हाच त्याच्या बोलण्याचा हेतू आहे आणि पुरावा म्हणून तो आपली शिस्त मांडतो. सात रात्री, दर मध्यरात्री तो म्हाताऱ्याच्या खोलीचे दार उघडतो, इतक्या सावकाश की डोके आत घालायलाच तास जातो.

तो जितका शहाणपणाचा दाखला देतो, तितका आपला विश्वास उडत जातो. अशा निवेदकाला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. इथे वाटप वेगळे आहे. निवेदकाला घटना ठाऊक आहेत, पण स्वतःची अवस्था ठाऊक नाही. आपल्याला ती पहिल्या परिच्छेदापासून दिसते. फळ्यांखाली प्रेत दडवून, त्याच फळ्यांवर खुर्ची ठेवून तो पोलिसांशी गप्पा मारतो आणि त्याला काळजाचे ठोके ऐकू येऊ लागतात. ते मेलेल्या म्हाताऱ्याचे, त्याचे स्वतःचे की नुसते भास, याचा निवाडा पो करत नाही. पोलीस काय करतील, यापेक्षा हा माणूस किती वेळ टिकेल याची आपल्याला धास्ती वाटते.

उपरोध आणि स्थळ: तळघराकडे जाणारी वाट

पो यांच्याच १८४६ सालच्या ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’मध्ये माँट्रेसॉर पहिल्याच ओळीत सूड घेण्याचा निश्चय सांगतो. आपल्याला तो ठाऊक आहे, त्याचा मित्र फॉर्च्युनाटो याला नाही. पात्राला न कळणारा अर्थ वाचकाला कळत असला, की त्याला नाट्यगत उपरोध म्हणतात. या कथेत जवळजवळ प्रत्येक संवाद त्यावर चालतो. दुर्मीळ मद्य पारखायच्या आमिषाने माँट्रेसॉर त्याला तळघरात नेतो आणि वाटेत पुन्हा पुन्हा आर्जव करतो: ओल फार आहे, तुला खोकला आहे, परत फिरू या. या खोकल्याने काही मी मरत नाही, असे फॉर्च्युनाटो म्हणतो, आणि माँट्रेसॉर ते मनापासून मान्य करतो. पुढे त्याच्या दीर्घायुष्यासाठी पेलाही उचलतो. प्रेमाचे शब्द जितके वाढतात, तितके आपण धास्तावतो.

स्थळही इथे काम करते. सुरुवात कार्निव्हलच्या गर्दीत होते. मग रिकामा वाडा, जिना, क्षाराने पांढरे पडलेले भुयार, हाडांचे ढीग आणि शेवटी जेमतेम माणूस मावेल असा कोनाडा. एकेका परिच्छेदाबरोबर जागा अरुंद होते, उजेड कमी होतो आणि परतीची वाट लांबते. फॉर्च्युनाटोच्या अंगावर मात्र अजून विदूषकाचा पोशाख आहे, टोपीला घुंगरू आहेत. त्याला कोनाड्यात चिणणाऱ्या भिंतीचे थर एकावर एक चढतात, अकराव्या थरातला शेवटचा दगड बसतो आणि आतून ऐकू येतो तो फक्त घुंगरांचा आवाज. सणासुदीची वस्तू मरणाच्या जागी ऐकवून पो यांनी जो परिणाम साधला, तो रक्ताच्या वर्णनाने साधला नसता.

कथाकाव्य: लय थांबू देत नाही

कवितेतून गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात आणखी एक हत्यार असते, ते म्हणजे लय. गद्य वाचताना आपण वाटेल तिथे थांबू शकतो. छंद आपल्याला ओढत पुढे नेतो.

जर्मन कवी गटे यांनी १७८२ साली लिहिलेले ‘एर्लक्योनिग’ हे काव्य पाहा. रात्रीच्या वाऱ्यात बाप मुलाला कवेत घेऊन घोडा पिटाळतो आहे. अवघ्या आठ कडव्यांत चार आवाज आहेत: निवेदक, बाप, मुलगा आणि मुलाला भुलवणारा पिशाच्चांचा राजा. राजाचे बोलणे फक्त मुलाला आणि आपल्याला ऐकू येते. बाप समजूत घालतो: ते धुके आहे, ती पानांची सळसळ आहे, ते जुने वाळुंज आहेत. त्याची प्रत्येक समजूत पटण्याजोगी आहे आणि म्हणूनच ऐकवत नाही. राजाची भाषा लाडीगोडीकडून धमकीकडे सरकते, मुलाच्या हाका वाढतात, घोडा थांबत नाही. घर येते तेव्हा मुलगा गेलेला असतो. १८१५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी शूबर्टने याचे गीत केले, तेव्हा घोड्याची दौड त्याने पियानोवर एकसारख्या, थकवून टाकणाऱ्या स्वरांतून धरली.

आल्फ्रेड नॉइज या इंग्रज कवीचे १९०६ सालचे ‘द हायवेमन’ हेही असेच टापांच्या लयीत धावते. वाटमाऱ्या दरोडेखोर खाणावळवाल्याच्या मुलीला, बेसला, चांदण्यात परत येण्याचे वचन देतो. तबेल्यातला टिम आडून ऐकत असल्याचे कवी दाखवतो. पुढे शिपाई येतात. टिमने चहाडी केली असे कवितेत कुठेच म्हटलेले नाही. ती जोडणी आपण करतो. शिपाई बेसला बांधतात आणि तिच्या छातीशी बंदूक ठेवतात. दूरवर टापा ऐकू येऊ लागतात. सापळा तिला ठाऊक आहे, येणाऱ्याला नाही आणि त्याला सावध करायचा एकच मार्ग तिच्या बोटाखाली आहे. टापांचा तो आवाज कवी पुन्हा पुन्हा उच्चारतो. अंतर कमी होत असल्याचे आपल्याला कानानेच कळते.

पो यांच्या १८४५ सालच्या ‘द रेव्हन’मध्ये पालुपदाचा वापर आहे. १८ कडव्यांच्या या कवितेत प्रेयसीच्या निधनाने खचलेला तरुण खोलीत शिरलेल्या डोमकावळ्याला प्रश्न विचारतो. पक्ष्याला एकच शब्द येतो आणि तो नकाराचा आहे. हे लक्षात आल्यावरही तरुण असे प्रश्न विचारत जातो, की त्या उत्तराने घाव अधिक खोल बसावा. उत्तर आपल्यालाही आधीच ठाऊक असते. इथे उत्कंठा उत्तराची नसून पुढच्या प्रश्नाची आहे. कवितेचा परमोच्च बिंदू आधी ठरवून आपण मागे मागे येत रचना केली, असे पो यांनी १८४६ सालच्या एका निबंधात सांगितले. हे सगळे इतके हिशेबाने झाले असेल का, याबद्दल अनेक समीक्षकांनी शंका घेतली आहे. तरी आधी परिणाम ठरवावा आणि प्रत्येक तपशील त्याच्या कामाला लावावा, ही त्यांची शिकवण पुढच्या लघुकथाकारांनी उचलली.

उत्तर न देणारा शेवट

फ्रँक स्टॉक्टन या अमेरिकी लेखकाने १८८२ साली ‘द लेडी ऑर द टायगर?’मध्ये शेवटचा पत्ता उघडलाच नाही. राजकन्येच्या प्रियकराला दोनपैकी एक दार उघडायचे आहे. एकामागे वाघ आहे, दुसऱ्यामागे त्याची वधू व्हायची अशी सुंदर तरुणी. कुठे काय आहे हे राजकन्येला माहीत आहे. ती हाताने उजव्या दाराकडे खूण करते, तो ते उघडतो आणि कथा वाचकाला प्रश्न विचारून संपते.

ही फसवणूक वाटत नाही, कारण कथेचा प्रश्न दाराचा नव्हताच. तिची माया किती आणि मत्सर किती, हे तोलायला लागणारी सगळी माहिती लेखकाने आपल्या हाती दिली आहे. असला शेवट जमतो की फसतो, हे ठरवायची कसोटी हीच: वाचकाला निवाडा करता येईल इतके दिले आहे का?

चौकट : गोष्ट उकलताना विचारायचे सहा प्रश्न

१. वाटप : धोका कोणाला ठाऊक आहे, कोणाला नाही? हा फरक कोणत्या ओळीपासून पडला?
२. पूर्वसूचन : शेवट कळल्यावर सुरुवातीचा कोणता तपशील वेगळा वाटतो?
३. निवेदक : गोष्ट कोण सांगतो? त्याचे काय पटते, काय पटत नाही?
४. स्थळ : जागा, उजेड आणि हवा कशी बदलत जाते? सुटकेची वाट केव्हा बंद होते?
५. वेळ आणि लय : लेखक कुठे रेंगाळतो, कुठे घाई करतो? काय पुन्हा पुन्हा येते?
६. मौन : काय दाखवलेले नाही? ते आपण कशाच्या आधारे भरून काढले?

उकल केल्याने रस जातो का?

गोष्टीची चिरफाड केली की मजा संपते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. उपमा कोणती, पात्रे किती, तात्पर्य काय, असे सुटे तुकडे गोळा करायला लावले तर मजा खरोखरच संपते. शाळा-महाविद्यालयांत कथेचे ‘घटक’ बहुधा असेच शिकवले जातात. पूर्वसूचन एका उत्तरात, वातावरण दुसऱ्यात, निवेदन तिसऱ्यात. त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे कोणी विचारत नाही.

तो संबंध वाटपाचा आहे. बुद्धिबळाचा पट, फिकट निळा डोळा, टोपीचे घुंगरू, घोड्याच्या टापा ही सगळी एकच काम करणारी साधने आहेत: वाचकाला नेमके इतके कळू द्यायचे, की त्याला पात्राची काळजी वाटावी आणि तरी काही करता येऊ नये. शेवट पाठ असूनही धाकधूक होते ती यामुळेच. शेवट आपल्याला ठाऊक असतो, पण कडा चढणाऱ्याला तो ठाऊक नसतो. आपण गोष्ट ऐकतो ती त्याच्या बाजूने आणि त्याची वेळ प्रत्येक वेळी नव्याने येते. म्हणून उत्कंठेचा अभ्यास हा एका अर्थी सहानुभूतीचा अभ्यास आहे. ज्याच्याविषयी काही वाटत नाही, त्याच्या टेबलाखाली कितीही बॉम्ब ठेवा, वाचक जांभई देतो.

हे वर्गात किंवा घरी करून बघणे अवघड नाही. ‘माकडाचा पंजा’ मुलांना वाचून दाखवा आणि दारावर पहिली थाप पडते तिथे थांबा. दार उघडावे की नाही, यावर हात वर करायला सांगा आणि प्रत्येकाला विचारा: तुला असे का वाटते, कोणत्या ओळीमुळे वाटते? मुले मागची पाने उलटू लागतील, ओळीवर बोट ठेवतील, एकमेकांशी भांडतील. समीक्षा तिथे सुरू झालेली असते.